कोन्तं परवा?

गावात मला हिलाल मास्तर म्हणणारी माणसं आता थोडीच उरली. बाकीचे तारीखमास्तर म्हणतात, आणि तेही तोंडावर. त्यांचं चुकत नाही. कोणी दाखला मागायला आलं तर मी ‘उद्या या’ म्हणत नाही. ‘गुरुवारी या, चौदा तारखेला’ असं म्हणतो. लग्नाची हळद असो की बैलाचं औषध, मला वार आणि तारीख लागते. लोक हसतात, हसू देत. पण एकोणीस वर्षं मी ‘परवा’ हा शब्द तोंडातून काढला नव्हता, हे त्यांच्यापैकी कोणाच्या लक्षात आलं नाही. एका बाईच्या आलं असावं.

गोष्ट सन सव्वीसची. पहूरपासून दोन कोसांवरच्या आमच्या गावात मी मराठी शाळेचा एकुलता एक मास्तर होतो, आणि शाळेच्याच ओसरीवर टपालाचा कारभारही माझ्याकडे होता. थैली आली की पत्रांवर तारखेचा शिक्का मारायचा, ती वाटायची, आणि ज्यांना वाचता येत नसे त्यांना वाचून दाखवायची. म्हणजे जवळजवळ सगळ्या गावालाच. माझं वय अठ्ठावीस. डोक्यात एकच खूळ होतं: इंग्रजीची परीक्षा द्यायची आणि तालुक्याच्या मोठ्या शाळेत बदली करून घ्यायची.

शिकवायला मिळाला पहूरचा कापडवाला सोहनलाल. तो जळगावला मॅट्रिकपर्यंत शिकला होता. पुढे वडील गेले आणि तो गादीवर येऊन बसला. दर रविवारी दुपारी मी चालत त्याच्या दुकानात जायचो. माणूस हसतमुख, आणि मी पहिल्यापासून तापट. इंग्रजीतला वेळ शिकताना तर माझं डोकंच फिरायचं. मराठीत सकाळी, रात्री, सोमवारी. शेवटी एक वेलांटी दिली की काम झालं. इंग्रजीत सकाळला ‘इन’, रात्रीला ‘ॲट’ आणि सोमवारला ‘ऑन’. का? तर नियम. मी पुस्तक आपटायचो आणि सोहनलाल चहा मागवायचा.

वारांचा धडा त्याने तागे मांडून शिकवला. गादीवर पाच तागे ओळीने ठेवले. मधल्या पांढऱ्या ताग्यावर हात ठेवून म्हणाला, “हा टुडे. याच्या अलीकडचा यस्टरडे, त्याच्याही अलीकडचा डे बिफोर यस्टरडे. पलीकडचा टुमारो, आणि शेवटचा डे आफ्टर टुमारो.”

“म्हणजे हाही परवा आणि तोही परवा,” मी दोन्ही टोकांचे तागे दाखवले.

“तुमच्यात निदान परवाच दोन आहेत, हिलालभाऊ. आमच्या मारवाडीत काल पण दोन. गेला तोही काल, येईल तोही काल. आम्ही बोलण्याच्या ओघात समजून घेतो. इंग्रजाला ओघ चालत नाही, त्याला प्रत्येक ताग्यावर चिठ्ठी लागते.” मग तो आणखी काही सांगू लागला होता. पांढरा तागा कुणाचा, हे आधी बघायचं, असं काहीतरी. पण मला ऊन उतरायच्या आत घरी पोचायचं होतं. “ते पुढच्या रविवारी,” असं म्हणून मी उठलो. वाटभर मी ते पाच शब्द घोकत आलो. त्या दिवशी मी फार खुशीत होतो.

त्यानंतर दोनच दिवसांनी, मंगळवारी दुपारी, भागाबाईची तार आली.

भागाबाई विधवा बाई. गाव तिला भागाअक्का म्हणे. तिची एकुलती लेक सुंदर, धुळ्याला दिलेली. लहानपणी सुंदर दोन वर्षं माझ्या शाळेत आली होती. अंगठ्याने बोटांची पेरं मोजून बेरीज करायची सवय मीच तिला लावली होती. तीन महिन्यांपूर्वी ती बाळंत झाली, मुलगी झाली, आणि तेव्हापासून तिचा ताप उतरत नव्हता. आमच्याकडे तारघर नव्हतं. तार पाचोऱ्याला उतरायची आणि तिथून टपालाच्या थैलीतून आमच्याकडे यायची. तार आली म्हटल्यावर अक्का पिठाच्या हातानेच ओसरीवर धावत आली. मागे पाचपंचवीस माणसं.

तार इंग्रजीत होती. आणि मला ती कळली! आयुष्यात पहिल्यांदा इंग्रजी कागद मी कुणाला न विचारता वाचला. ‘टेकिंग सुंदर बॉम्बे डे आफ्टर टुमारो मीट चाळीसगाव मॉर्निंग.’ खाली जावयाचं नाव, लोटन. मी छाती काढून सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, “अक्का, सुंदरला मुंबईच्या इस्पितळात नेताहेत. परवा. धुळ्याची गाडी सकाळी चाळीसगावला येते, तिथे मुंबईची गाडी धरायची. तुम्हाला भेटायला बोलावलंय.”

“कोन्तं परवा, मास्तर?” अक्काने विचारलं. “मांगचं का पुढचं?”

लोक हसले. मीही हसलो. “मागच्या परवाला कोणी भेटायला बोलावतं का? पुढचं. आज मंगळवार, म्हणजे गुरुवारी.”

“मी आत्ताच निंघते. गाडीवान पुनाले गाडी जुपाले सांगते.”

“घाई कशाला अक्का? आज निघून उद्याचा दिवसभर फलाटावर बसणार का? उद्या दुपारी निघा, गुरुवारी पहाटे पोचाल. एक दिवस मोकळा आहे, पोरीसाठी काही करून न्या.”

मास्तर म्हणतो म्हटल्यावर ती थांबली. त्या मोकळ्या दिवसात तिने डिंकाचे लाडू केले.

ती गुरुवारी पहाटे चाळीसगावला पोचली. गुरुवारी कोणी आलं नाही, शुक्रवारीही नाही. शनिवारी ती लाडवांचा डबा तसाच घेऊन परत आली. “बेत बदलला असेल,” मी म्हणालो, आणि मला तसंच वाटतही होतं.

रविवारी मी सोहनलालच्या गादीवर बसलो. पुढचा धडा होता दुसऱ्याचं बोलणं आपल्या तोंडून सांगण्याचा. तो म्हणाला, “समजा, रुपचंदने सोमवारी म्हटलं, मी टुमारो येतो. तुम्ही ते मला बुधवारी सांगता. तर टुमारो म्हणायचं नाही. तो टुमारो रुपचंदचा, तुमचा नाही. हेच त्या दिवशी सांगायचं राहिलं होतं. पांढरा तागा बोलणाऱ्याचा असतो, हिलालभाऊ, ऐकणाऱ्याचा नाही.”

मला पुढचं काही ऐकू आलं नाही. तार माझ्या हाती मंगळवारी आली होती. धुळ्याहून ती निघाली कधी? तारेच्या कोपऱ्यात तारीख असते. दिवसभर तारखेचा शिक्का मारणारा माणूस मी, पण इंग्रजी कळल्याच्या आनंदात त्या कोपऱ्याकडे बघितलंच नव्हतं. मी तसाच उठून दोन कोस पळत सुटलो. अक्काने तार देवापुढच्या कुंकवाच्या डबीखाली घडी करून ठेवली होती. “जरा बघू,” म्हणून मी ती घेतली. तार सोमवारची होती.

सोमवारचा परवा म्हणजे बुधवार.

अक्का मंगळवारीच निघाली असती तर पहूरहून संध्याकाळची छोटी आगगाडी धरून, पाचोऱ्याला बदलून, बुधवारी सकाळी फलाटावर असती. मी तिला थांबवलं होतं. मी तार परत घडी केली, डबीखाली ठेवली आणि म्हणालो, “बरोबर आहे, गुरुवारच.” का म्हणालो? भीती वाटली म्हणून. दुसरं कारण नाही, आणि आज ते शोधायचंही नाही.

सोहनलाल मूर्ख नव्हता. पुढच्या रविवारी त्याने मला गादीवर बसवून हळूच विचारलं, “तारेत काही चुकलं का? चुकलं असेल तर सांगून टाका, भाऊ. आत्ता लहान आहे, मग मोठं होईल.” मी त्याच्यावरच ओरडलो. मारवाड्याने मास्तरला अक्कल शिकवू नये, असं काहीबाही बोललो. ते पुस्तक त्याच्याच गादीवर टाकून आलो आणि पुन्हा गेलो नाही. माझं इंग्रजी त्या धड्यावर थांबलं ते कायमचं.

दहा दिवसांनी लोटनचं पत्र आलं. मुंबईला पोचल्यावर आठव्या दिवशी सुंदर वारली. पत्र मराठीत होतं आणि ते वाचायचं माझ्याकडेच आलं. त्यात लिहिलं होतं, ‘बुधवारी आम्ही सकाळपासून दुपारच्या गाडीपर्यंत चाळीसगावास थांबलो. ती तुमची वाट बघत होती. तुम्ही का आला नाहीत?’ अक्का समोर भिंतीला टेकून बसली होती. मी सगळं पत्र वाचलं. फक्त ‘बुधवारी’ हा एक शब्द गाळला.

तिचं रडणं जागच्या जागी थांबलं. “खोटं बोलू राह्यले ते! मी दोन दिस तठी बसली व्हती. एक एक डबा पाह्यला. माह्या पोरीले मले न दाखवताच घेऊन गेले, अन् वरून मलेच इचारता?” मग ती मला म्हणाली, “लिही मास्तर. त्याईले लिही. तुमचं तोंड पाह्याचं नही मले, मरेपावतर नही.”

मी लिहिलं. माझं अक्षर चांगलं आहे, सगळे म्हणतात. लोटनचं उत्तर आलं नाही. सुंदरच्या मागे राहिलेली ती तीन महिन्यांची पोर, कमल, धुळ्यालाच वाढली, आणि अक्काने तिला कधी पाहिलं नाही. एका शब्दाने मी लेकीची भेट चुकवली होती, ती चूक होती. दुसरा शब्द गाळून मी नातही तोडली, आणि तो गुन्हा होता.

त्यानंतर अक्काला एक सवय लागली. कोणीही ‘परवा’ म्हटलं की ती विचारायची, “कोन्तं परवा? मांगचं का पुढचं?” तिच्याकडे दळणाला आलेल्या बायका हसायच्या, म्हातारीला खूळ लागलं म्हणायच्या. मी मात्र वार आणि तारीख सांगू लागलो. माझ्यापुढे तिला तो प्रश्न विचारावाच लागू नये म्हणून. ती टपालाच्या खिडकीशी येऊन माझ्या तोंडाकडे बघत उभी राहायची. मी म्हणायचो, “अक्का, सोमवारी या, नऊ तारखेला.” ती मान हलवायची आणि जायची.

चाळीसगाव मला टाळता आलं असतं तर टाळलं असतं. पण नाशिकला कामानिमित्त जायचं तर गाडी तिथूनच. फलाट आला की मी खिडकी लावून घ्यायचो. एकदा उन्हाळ्यात लाकडी झडप अडकली, लागेना. समोर लिंबाखालचं बाक. त्यावर एक बाई बसली होती. अशा उकाड्यात अंगावर घोंगडी, मांडीवर तान्हं मूल. तिचा अंगठा बोटांच्या पेरांवरून चालला होता. एक पेर, दुसरं, तिसरं. मग पुन्हा पहिल्यापासून. पाचोऱ्याकडून गाडी येते त्या बाजूला तिची मान होती. मी शेजाऱ्याला म्हणालो, “त्या बाईला पाणी द्यायला सांगा कोणीतरी.” तो वाकून बघत म्हणाला, “कोणत्या बाईला?” गाडी हलली. मी पुन्हा बघितलं नाही. मला भुताखेतांवर विश्वास नाही, शाळेत मी त्याविरुद्ध शिकवतो. पण पेरं मोजायची ती रीत माझी होती, आणि ती मी ओळखली.

त्या दिवशी ती माझ्याबरोबर गाडीत बसून गावापर्यंत आली म्हणा ना. वर्गात मुलं पाढे म्हणायला लागली की मागच्या रांगेत कोणाचा तरी अंगठा पेरांवर चालायचा. मी छडी घेऊन तिथपर्यंत जायचो आणि तसाच परत यायचो.

सन पंचेचाळीसच्या चैत्रात टपालात एक कुंकुमपत्रिका आली. भागाबाईच्या नावाने, धुळ्याहून. कमलचं लग्न, पुढच्या महिन्यात. इतक्या वर्षांनी लोटनने पाठवलेला तो पहिला कागद. मी अक्काच्या घरी गेलो. ती खाटेवरून उठत नव्हती, दम लागायचा. मी पत्रिका वाचली, या वेळी एकही शब्द न गाळता.

“कोनाची कमल?” तिने विचारलं. मग स्वतःच म्हणाली, “माह्या सुंदरची?” बराच वेळ तिने पत्रिकेवरच्या हळदीवरून बोट फिरवलं. “मी गेली तं चालीन का रे मास्तर? मीच तं लिहेल व्हतं, तोंड पाह्याचं नही म्हनून.”

मी म्हणालो, “तुम्ही नका जाऊ. मी तिला घेऊन येतो. आणि ती आली की तुम्हा दोघींना मला एक गोष्ट सांगायची आहे.”

“आत्ता सांग ना.”

दारात कोणी नव्हतं. घरात आम्ही दोघंच. चार वाक्यांचं काम होतं. पण नातीला समोर बसवून सांगितलं तर अक्काचा राग तिच्या तोंडाकडे बघून विरघळेल, असा हिशेब मी केला. म्हणजे पुन्हा माझाच जीव वाचवला. “घाई कशाला अक्का,” मी म्हणालो. “आज सोमवार. मी आत्ता निघतो. परवा सांगतो.”

शब्द सुटला आणि मग मला कळलं. अक्का उशीवरून माझ्याकडे बघत होती. तिने हसून विचारलं, “कोन्तं परवा, मास्तर?”

“पुढचं, अक्का. बुधवारी.”

मंगळवारी सकाळी मी धुळ्यात लोटनच्या ओट्यावर बसलो आणि सगळं सांगितलं. तारेचा कोपरा, गाळलेला शब्द, सगळं. कमल दाराच्या चौकटीला धरून ऐकत होती. हुबेहूब सुंदर. लोटनने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, “मास्तर, सुंदर चाळीसगावले लिंबखालना बाकडावर बशी ऱ्हायनी. माय उन्ही का, माय उन्ही का, इतलंच इचारे. माय उनाशिवाय गाडीमा बसाव नही म्हने. शेवट दोन हमालसनी उचलीसन बसाडी.” त्याने डोळे पुसले. आई आल्याशिवाय गाडीत बसणार नाही, असं म्हणत होती सुंदर. “मी सासूवर राग नही धरा. ते कागद मी जपी ठेयेल शे. मी इतला वरीस तुमना अक्षरवर राग धरा.”

त्याने मला मारलं असतं तर बरं झालं असतं. त्याऐवजी त्याने मुलीला सांगितलं, “जा बेटा, आजीले भेटी ये.”

चाळीसगावला आम्हाला दोन तास गाडी नव्हती. कमल नेमकी लिंबाखालच्या त्या बाकावर जाऊन बसली. मी उभाच राहिलो. ती पाचोऱ्याच्या दिशेला बघत होती, आणि मी तिच्या हातांकडे. हात मांडीवर शांत होते.

बुधवारी दुपारी गावात शिरलो. अक्काच्या दाराशी गाडीवान पुना बसला होता, आता तोही म्हातारा. मी लांबूनच हाक मारली, “पुना, अक्काला सांग, कमल आली!”

तो उठून उभा राहिला. दोन पावलं पुढे आला. मग डोक्याचं फडकं काढून म्हणाला, “अक्का परवा गेली, मास्तर.”

क्षणभर, खरंच सांगतो, मला वाटलं, उठून कुठे गेली ही बाई? येईल आता.

पुनाने सांगितलं. सोमवारी माझी पाठ वळल्यावर ती खाटेवरून उठली. शेजारच्या सुनाबाळींनी नको नको म्हटलं. म्हणाली, नात येऊ राह्यली, एक दिस मोकया भेटला, मास्तरनं सांगलं. चुलीपुढे बसून तिने डिंक तळला, खोबरं किसलं. शेवटचा लाडू वळला आणि संध्याकाळी तिथेच भिंतीला टेकली. मंगळवारी सकाळी सगळं उरकलं. मी तेव्हा धुळ्यात तिची गोष्ट सांगत होतो, तिला सोडून साऱ्यांना.

घरात चूल सारवलेली होती. फडताळात पितळी डबा होता, तोच, चाळीसगावहून तसाच परत आलेला. कमलने झाकण काढलं. वर कुंकवाच्या डबीखालची ती तार घडी करून ठेवलेली होती, खाली लाडू. कमलने तार उलगडली. धुळ्याच्या शाळेत ती इंग्रजी शिकली होती. तिची नजर आधी कोपऱ्यातल्या तारखेवर गेली, मग खालच्या शब्दांवर. असंच वाचायचं असतं. तिने ती तार माझ्याकडे न बघता बाजूला ठेवली आणि एक लाडू हातात घेतला. तो अजून मऊ होता.

“आजीनी ह्या लाडू कव्हय करात?” तिने विचारलं.

मी वार आठवला, तारीख आठवली. दोन्ही मला तोंडपाठ होती. पण तोंडातून आला तो एकच शब्द.

“परवा,” मी म्हणालो.

कोणतं, हे तिने विचारलं नाही.